चार नंबर

पाण्याच्या टाक्या करायचो आम्ही, एमआयडीसीत.
एका चैत्रात शेडमध्ये बोटीचा साचा आला,
वीस फूट लांब, आतून आरशासारखा.
लीलाधर फिरके त्यात डोकावला
आणि आधी भांग नीट केला.

सहा काढायच्या होत्या. सहाही सारख्या.
केसाचा फरक चालणार नाही, असं कागदावर होतं.
म्हणजे टिश्यूची केळी, मी म्हटलं,
एका आईची, एका उंचीची,
घड मात्र ज्याच्या त्याच्या हातचा.

काचेचं कापड, राळ, रोलर, पुन्हा कापड.
अकरानंतर राळ डब्यातच दगड व्हायची,
म्हणून पहाटे तीनला लागायचो,
बागेला पाणी धरणारे उठतात त्या वेळेला.

मग कील.
इच्छाराम लोहाराला वाटलं, खिळा.
किती इंची? त्यानं विचारलं.
चार फूट, मी म्हटलं.
विडी तोंडात तशीच राहिली.

शिसं भुसावळहून आलं,
भंगारात निघालेल्या डब्यांच्या बॅटऱ्यांतलं.
तापीच्या पुलावरून जाताना मध्यरात्री
ज्यानं कुणाच्या उशाशी पिवळा दिवा तेवत ठेवला,
ते आता पुलाच्या वरल्या अंगाला
त्याच नदीत अंधारात लटकणार.

वजनाला पारसमल आले. काटा गोदामाचा,
नजर सराफाची.
एकशे ऐंशी किलो. सहा वेळा तेच.
एकीत चाळीस ग्रॅम जास्त भरले
तर स्वतः कानस फिरवली,
आणि कीस कागदाच्या पुडीत बांधून
माझ्या हातात दिला. सवयीनं.

हतनूरच्या काठावर आधार सपकाळे डोंग्यात उभा.
'इतलं शिसं कायले रे भो? बुडाले?'

मला सांगता येईना. वाऱ्यानं सांगितलं.
पश्चिमेचा आला, शीड भरलं, बोट कलली,
कलली तसं तळातलं शिसं बाजूला सरकलं
आणि बाजूला सरकल्यावर
त्याला आपलं वजन आठवलं.
वर झोप म्हणणारा, खाली ऊठ म्हणणारं,
आणि मध्ये ती पाण्यात उभी धरलेली पाती
आडवं वाहून जाऊ देत नाही.
तिला पुढे जाण्यावाचून इलाज नसतो.
वाऱ्याच्या नाकासमोरून नाही,
त्याच्या खांद्याजवळून, तिरकी,
मग वळून दुसऱ्या खांद्याजवळून.
आधार बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, वल्ही कुठंय?

पाच शर्यती झाल्या. पाचही वेळा
चार नंबर शेवटी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
फर्मे आणले, तळाला लावून पाहिले,
उजेड जाईल एवढी फट नव्हती.
डोलकाठीचा कल, तारांचा ताण,
शिडाच्या शिवणी, सुकाणूची जाडी:
पुन्हा मोजलं, पुन्हा सारखं.
माणसं बदलली. फिरके बसला, शेवटी.
इंजिनिअरसाहेब बसले, शेवटी,
आणि वर छत्रीएवढी टोपी पाण्यात.
नजमा तडवी बसली. तिसरी आली.
काय केलंस? विचारलं तर म्हणाली,
काही नाही, सुकाणूला दोनच बोटं लावली,
ती पकडू देत नाही.

मी कुणाला बोललो नाही.
चार नंबरच्या पहाटे दिवे गेले होते,
कंदील धरून थर मोजत होतो,
आणि सातव्याला की आठव्याला
माझा आकडा चुकला.
चुकला की नाही, हेच आठवत नाही.
वजन बरोबर भरलं होतं.

आता मे. धरण उतरलंय.
पाच वेळेवर गाड्यांवर चढल्या,
चौथीची कील गाळात रुतली,
ती एका कुशीवर कलून उभी आहे
पाणी मागे गेलेल्या चिखलात.
आधारनं दोर बांधून ठेवलाय, ट्रॅक्टर संध्याकाळी येईल.

तोवर मी तिच्या अंगावर बोटाचं पेर वाजवत
नाळेपासून मागे चाललोय,
माठ घेताना वाजवतात तसा,
कान लावून,
इथे ठक्,
इथेही ठक्,
इथे